किरकोळ दुखापत (बेसबॉल व्यवस्थापन-खेळांतील)

बेसबॉल संघाचे व्यवस्थापन हाच ज्यांचा विषय आहे, अशा पटावरील व संगणकीय खेळांत खेळाडू थोड्या दिवसांसाठी जायबंदी होणे, तसेच त्या काळात त्याला खेळवावे, बसवावे की दुखापत-यादीत (तीत ठराविक दिवस खेळता येत नाही, पण चमूतली जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते) टाकावे हा व्यवस्थापकापुढील निर्णय. पाठीत उसण भरणे, घोटा मुरगळणे, मांडीमागचा स्नायू आखडणे, पिचरच्या (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याच्या) बोटाला फोड येणे ही नेहमीची उदाहरणे होत. अशा खेळाडूच्या नावापुढे ‘डे-टू-डे’ (रोजच्या रोज पाहून ठरवायचे) असा शेरा येतो.

दुखापतीचा घटक या खेळांत नेमका केव्हा आला याविषयी एकवाक्यता नाही. क्लिफर्ड व्हॅन बीक यांचा पत्ते-फाशांचा ‘नॅशनल पास्टाइम’ हा खेळ १९३० च्या सुमाराचा. त्याच्याच धर्तीवर डिक सीट्झ यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून ‘एपीबीए’ बाजारात आणला. त्यातील खेळाडूंच्या पत्त्यांवर पुढे ‘जे-०’ ते ‘जे-४’ अशी दुखापतप्रवणतेची श्रेणी छापली जाऊ लागली. हॅल रिचमन यांच्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’मध्ये (१९६१) दुखापत फलंदाजाच्या पत्त्यातच दडलेली असते. ठराविक फासा पडला की चेंडूच्या निकालासोबत ती लागू होते आणि किती सामने हुकणार हे दुसऱ्या सोडतीने ठरते. मात्र मूळ हंगामात सुमारे ६०० वा अधिक वेळा फलंदाजीस आलेला खेळाडू केवळ त्या सामन्यापुरताच बाहेर जातो.

या सवलतीवरून दुखापतीच्या प्रयोजनाचाही अंदाज बांधता येतो. दैवाचा फेरा दाखवून खेळात वास्तवाचा भास आणणे, हा तिचा हेतू असे सामान्यतः मानले जाते. परंतु खऱ्या हंगामात जेमतेम दोनशे वेळा फलंदाजी करून उत्तम सरासरी राखलेला राखीव खेळाडू पत्त्यांच्या खेळात हंगामाचे सगळे १६२ सामने राबवला जाऊ नये, यासाठीचा तो लगाम असावा हे मत अधिक पटण्याजोगे आहे. नुसता वास्तवाचा भासच हवा असता, तर रोज खेळणाऱ्यांना सूट देण्याचे कारण नव्हते. ते काही लोखंडाचे बनलेले नसतात.

संगणकीय शाखेचा आरंभही वादग्रस्त आहे. जॉन बर्जसन यांनी १९६०-६१ च्या सुमारास आयबीएम १६२० यंत्रासाठी बेसबॉलची आज्ञावली लिहिली; तथापि तीत संघ निवडल्यानंतर पुढचा सामना यंत्रच खेळवी. सामना चालू असताना डावपेच बदलू देणारी डॉन डॅग्लो यांची १९७१ ची आज्ञावली हीच व्यवस्थापन-खेळाची खरी सुरुवात मानणे युक्त ठरते. अनेक हंगामांचा कारभार सांभाळायला देणाऱ्या अलीकडच्या खेळांपैकी मार्कुस हाइनझोन यांचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ (१९९९ पासून) प्रमुख असून पुढील विवेचन मुख्यतः त्यास धरून आहे.

यात प्रत्येक खेळाडूला ‘आयर्न मॅन’पासून (सहसा न दुखावणारा) ‘रेक्ड’पर्यंत (सतत दुखावणारा) दुखापतप्रवणतेची प्रत असते आणि दुखापतींचे एकूण प्रमाण खेळणाऱ्याला कमीजास्त करता येते. किरकोळ दुखापत झालेला खेळाडू मैदानात उतरवता येतो, पण त्याची फलंदाजी, धाव किंवा फेक मंदावते आणि दुखणे बळावण्याचा धोकाही राहतो. शिवाय बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बदली क्षेत्ररक्षक देऊन स्वतः पुन्हा फलंदाजीला येण्याची क्रिकेटमधली सोय येथे नाही.

निर्णयाचे खरे मर्म नोंदणीच्या नियमांत आहे. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) जायबंदी खेळाडूंची अधिकृत यादी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून असावी. १५ दिवसांची यादी १९६६ मध्ये आली, २०१७ मध्ये ती मुदत १० दिवसांवर आणली गेली आणि २०१९ मध्ये ‘डिसेबल्ड लिस्ट’ हे नाव बदलून ‘इंज्युर्ड लिस्ट’ झाले. दहा दिवसांमुळे पिचरची एखादीच पाळी चुकवून त्याला यादीत ठेवणे संघांना परवडू लागले. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०१७ मध्ये ही पळवाट सढळपणे वापरली. पिचरसाठी मुदत पुन्हा १५ दिवस करण्याचे ठरले ते २०२० साठी. ते प्रत्यक्षात आले २०२२ मध्ये. यादीतील नोंद जास्तीत जास्त तीन दिवस मागील तारखेची दाखवता येते.

समजा, शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधील क्षेत्ररक्षकाचा) स्नायू सहा दिवसांसाठी आखडला आहे. २६ जणांच्या चमूत पिचर १३ पर्यंतच. उरलेल्या तेरातून नऊ फलंदाजीच्या क्रमात, म्हणजे बाकावर चौघे, त्यांतला एक राखीव कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा). शॉर्टस्टॉपच्या जागी एक उतरला आणि शॉर्टस्टॉप बाकावर अडकला, की कॅचर वगळता हाताशी दोघेच उरतात. दुखापत होऊन तीन दिवस बाकावर काढल्यावरही त्याला यादीत घालता येते. मागील तारीख लावल्यास आणखी सातच दिवस जातात. म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहण्यात फारसे नुकसान नसते, त्यानंतर मात्र दिवसागणिक भुर्दंड वाढतो. यादीतील खेळाडूच्या जागी कनिष्ठ संघातून कोणाला बोलवायचे झाल्यास, नुकत्याच खाली पाठवलेल्याला दहा दिवस थांबण्याची अटही लागू होत नाही.

आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पाच जणांच्या फेरीतला पिचर नुकताच खेळून चार दिवसांसाठी दुखावला असेल, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. त्याची पाळी येईतो तो बरा होतो. कॅचरच्या बाबतीत उलट. दोनपैकी एक दुखावला असता दुसराही त्याच सामन्यात जायबंदी झाला, तर फलंदाजामागे उभे करायला माणूस उरत नाही. म्हणून दुखणे दोन दिवसांचे असले तरी अनुभवी खेळणारे तिसरा कॅचर मागवून घेतात.

अनेक माणसे मिळून चालवतात त्या ऑनलाइन लीगमध्ये कित्येक दिवसांचे सामने एका दमात पार पडतात. अधेमधे झालेल्या दुखापतीवर निर्णय घ्यायला व्यवस्थापक तेथे नसतो. त्याने आधी भरून ठेवलेल्या राखीव खेळाडूंच्या क्रमतक्त्यावरून संगणकच बदल करतो. तो तक्ता रिकामा सोडल्यास संघाच्या पहिल्या तळावर कधी कधी भलताच मनुष्य उभा दिसतो.