अंड्याच्या टरफलातले कॅल्शियम

कोंबडीच्या अंड्याचे टरफल वजनाला साधारण पाच ते सहा ग्रॅम भरते आणि त्यातला सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडी आणि संगमरवर याच क्षाराचे बनलेले असतात, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या कितीतरी गोळ्यांमध्येही हाच क्षार असतो. कॅल्शियमसाठी टरफलांची घरी केलेली पूड ‘रोज एक चमचा’ खावी, असा सल्ला दिला जातो. टरफलात हाच क्षार असल्याने, ती पूड खाल्ल्याने कॅल्शियम मिळते का, या प्रश्नाचे रसायनशास्त्रापुरते उत्तर सरळ ‘हो’ असे आहे. खऱ्या अडचणी त्यापुढच्या आहेत: पूड जंतुविरहित आहे का, पुरेशी बारीक झाली आहे का, आणि मुख्य म्हणजे चमच्यात नेमके किती कॅल्शियम आले.

हे कवच तयार होते कसे, हे पाहण्यासारखे आहे. अंडे घालण्यापूर्वी कोंबडीच्या शरीरातील कवचग्रंथीत ते सुमारे २० तास राहते आणि तेवढ्या वेळात त्याच्यावर जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम चढते. कार्बोनेटचा भाग कोंबडीच्या शरीरातील कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. कॅल्शियम दिवसा खाद्यातून येते, पण कवच घडण्याचे बरेचसे काम रात्री चालत असल्याने तेव्हा कोंबडी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत साठवलेल्या खास अस्थिऊतीतून उसनवारी करते. या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, कारण आतल्या पिल्लाला श्वासासाठी हवा लागते. छिद्रांमुळे आणि बाहेरून लागलेल्या विष्ठेमुळे टरफलावर साल्मोनेलासारखे जीवाणू असू शकतात, आणि म्हणूनच घरगुती कृतीतला पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

तो टप्पा म्हणजे टरफले पाण्यात उकळणे. अनेक जण टरफले नुसती धुऊन थेट ओव्हनमध्ये किंवा कढईत भाजतात आणि भाजल्यावर जंतू मरतीलच असे गृहीत धरतात. परंतु साल्मोनेला कोरड्या अवस्थेत उष्णतेला कितीतरी अधिक दाद देईनासा होतो. ओलसर वातावरणात ज्या तापमानाला तो झटपट मरतो, त्याच तापमानाला कोरड्या पुडीत बराच काळ तग धरू शकतो. म्हणून आधी उकळणे आणि मग वाळवणे, हा क्रम बदलू नये. टरफले धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून, खळखळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. उकडलेल्या अंड्यांची टरफले असली, तरी सोलताना आणि साठवताना त्यांना हात लागलेले असतात, त्यामुळे तीही पुन्हा उकळून घेतलेली बरी.

उकळल्यावर आतला पातळ पापुद्रा सैल होतो आणि नखाने एका टोकाला उचलला की बऱ्याचदा ओल्या कागदासारखा अख्खा निघून येतो. तो प्रथिनांचा बनलेला असतो आणि अपायकारक नसतो, मात्र वाळल्यावर चिवट होऊन मिक्सरच्या पात्यांना दाद देत नाही आणि पुडीत कपचे राहतात. काढलेला उत्तम. तो काढला तरी टरफलात थोडी प्रथिने शिल्लक राहतात, त्यामुळे ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

नंतर टरफले पसरून १०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर कढईत कोरडी करावीत. बोटांनी दाबल्यावर कट्कन आवाज होऊन तुकडा पडला, की ती वाळली असे समजावे. थेट ज्योतीवर जाळण्याचे काही कारण नाही. राहिलेला पापुद्रा केस जळाल्यासारखा वास सोडतो, आणि तापमान ८०० अंशांच्या पलीकडे गेलेल्या भागांत कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होऊन कळीचा चुना तयार होऊ शकतो, जो तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो.

दळण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. जाडसर कण दाताखाली कचकचतात, आणि टोकदार असल्यास घशाला टोचतातही. पण त्याहून मोठा मुद्दा पृष्ठफळाचा आहे. एक मिलिमीटर बाजू असलेल्या घनाकृती कणाचे पृष्ठफळ सहा चौरस मिलिमीटर असते. त्याच कणाचे ०.१ मिलिमीटरचे हजार तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस मिलिमीटर होते. जठरातील आम्ल कणाच्या पृष्ठभागावरच काम करू शकत असल्याने बारीक पूड लवकर विरघळते. जुन्या वैद्यकीतला ‘वस्त्रगाळ’ हा शब्द इथे शब्दशः लागू आहे: मिक्सरमधून काढलेली पूड तलम कापडातून गाळावी आणि वर राहिलेली भरड पुन्हा दळावी. चिमूटभर पूड बोटांच्या चिमटीत चोळली असता रवाळपणा जाणवता कामा नये. मिक्सरचे झाकण उघडण्यापूर्वी धूळ खाली बसू द्यावी, कारण ती श्वासावाटे आत जाणे चांगले नाही.

आता मापाचा प्रश्न. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात ४० टक्के वाटा कॅल्शियमचा असतो, त्यामुळे टरफलाच्या एक ग्रॅम पुडीतून साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज सुमारे १,००० मिलिग्रॅम मानली जाते, पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी १,२०० मिलिग्रॅम. आणि यातला बराच भाग आहारातून येत असतो. समजा आहारातून ६०० मिलिग्रॅम मिळत असतील, तर उरलेल्या ४०० मिलिग्रॅमसाठी पूड लागते ती जेमतेम एक ग्रॅम. चहाचा चमचा शिगोशीग भरला, तर त्यात अख्ख्या टरफलाची पूड मावू शकते, म्हणजे दोन ग्रॅम कॅल्शियम. आहार धरून दिवसाची कमाल सुरक्षित मर्यादा पन्नाशीपर्यंत २,५०० आणि त्यानंतर २,००० मिलिग्रॅम धरली जाते, हे लक्षात घेतले की ‘रोज एक चमचा’ हा सल्ला किती बेफिकीर आहे ते दिसते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा नसेल, तर माझ्या मते हा उद्योग न केलेलाच बरा.

पोटात गेलेले सगळे कॅल्शियम रक्तात जात नाही. एका वेळची मात्रा जितकी मोठी, तितका शोषला जाणारा अंश कमी. म्हणून एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे सांगितले जाते. आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणारी प्रथिने तयार होण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि त्याची कमतरता असेल तर पूड वाढवून फारसे हाती लागत नाही. शिवाय कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते. ज्यांच्या जठरात आम्ल तयार होत नाही अशा रुग्णांमध्ये उपाशीपोटी घेतलेले कॅल्शियम कार्बोनेट फारच थोडे शोषले जाते, पण तेच जेवणाबरोबर दिल्यास नीट शोषले जाते, असे रॉबर्ट रेकर या अमेरिकी संशोधक डॉक्टरांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. तेव्हा पूड जेवणातच मिसळावी.

काही कृतींमध्ये टरफले व्हिनेगरमध्ये विरघळवतात. त्यावर बुडबुड्यांचा फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि द्रावणात कॅल्शियम ॲसिटेट उरते. पाच टक्के आम्लतेच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये हिशेबाने चार ग्रॅमच्या आसपास टरफल विरघळते, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्यास पाच मिलिलिटरमध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम. लिंबाच्या रसात बनणारे कॅल्शियम सायट्रेट मात्र पाण्यात कमी विरघळते आणि तळाशी पांढरा साका धरते. वरचे नितळ पाणी पिणाऱ्याच्या पदरात त्यातले थोडेच पडते.

जास्त घेतले तर काय होते, याचा धडा जुना आहे. बर्ट्रम सिप्पी या अमेरिकी डॉक्टरांनी १९१५ मध्ये जठरव्रणावर दूध आणि अल्कधर्मी चूर्णांचा भडिमार करणारा उपचार सुचवला. पुढे अशा रुग्णांपैकी काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढून, रक्त अल्कधर्मी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याचे आढळले. कॅल्शियम कार्बोनेटचा अतिरेक करणाऱ्यांत हा विकार आजही दिसतो. मर्यादेतील मात्राही अगदी निर्धोक नाही: अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम, कार्बोनेटच्या रूपात, ड जीवनसत्त्वासह दिले गेले. खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एक टक्क्याने अधिक राहिली, खुब्याच्या अस्थिभंगात ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही, आणि मुतखड्यांचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले. ज्यांना मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड घेऊ नये.

औषधांशी होणारी झटापट तितकीच खरी आहे. थायरॉइडची गोळी, लोह आणि टेट्रासायक्लीन वा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके कॅल्शियमच्या सान्निध्यात कमी शोषली जातात. थायरॉइडच्या गोळीनंतर तर किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. आम्लपित्तासाठी ओमेप्रझोलसारखे औषध रोज घेणाऱ्यांच्या जठरात आम्लच कमी असल्याने, त्यांना गरज असेल तर डॉक्टर बहुधा सायट्रेटची गोळी सुचवतात, आणि तिच्यावर मात्रा छापलेली असते.