बोक्याचं नाक आणि नागीण

आमच्या सांगलीत हळदीला तोटा नाही, त्यामुळे नाक चोंदलं की निखाऱ्यावर हळद टाकून धुरी घेणं ठरलेलं. पण परवा शेजारच्या काकूंनी बोक्यालाच धुरी द्यायला घेतली, तेव्हा मात्र राहवलं नाही. सहा वर्षांचा बोका, लहानपणापासून शिंका, घरघर, घट्ट शेंबूड. "सर्दीच की ती!" काकू म्हणाल्या.

सर्दी कधीच होऊन गेली, ही तिची पडझड. मांजराच्या नाकात कागदाच्या सुरळीसारखी पातळ हाडं असतात, आत येणारी हवा त्यांच्यावरून ऊबदार आणि ओलसर होते. पिल्लूपणी मांजरांचा हर्पिस विषाणू गाठतो आणि हे अस्तर, कधी हाडंसुद्धा, कुरतडतो. मग शेंबूड साचतो, त्यात जिवाणू माजतात. अँटिबायोटिकनं जिवाणू हटतात, हाडं पूर्ववत होत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. विषाणू मज्जातंतूंवरून उलटा चढत चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या (ट्रायजेमिनल) गाठीत पोचतो, पेशीकेंद्रात नुसता डीएनए ठेवून गप्प बसतो. प्रथिनं जवळपास बनवतच नाही, मग प्रतिकारशक्ती ओळखणार कशाला? फॅमसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध डीएनएची नक्कल रोखतं, पण इथं नक्कलच बंद! लागण झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मांजरं जन्मभर वाहक राहतात. घर बदललं, नवं मांजर आलं, स्टिरॉइड दिलं, की साधारण आठवड्याभरात स्वारी पुन्हा नाकात.

आपली, म्हणजे माणसाच्या अंगावर पुरळ उठवणारी नागीणही अशीच. कांजण्यांचा विषाणू याच कुळातला, तोही गाठीत दबा धरतो. 'नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो' ही भाकडकथा आहे. मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून पुरळ सहसा मध्यावर थांबतं. आणि मांजराचा हर्पिस माणसाला लागत नाही.

निदान म्हणजे वजाबाकी, बाकीची कारणं एकेक करून वगळायची. एकच नाकपुडी वाहत असेल तर कुसळ किंवा सडक्या दाताचं मूळ शोधायचं. तरुण मांजरात पॉलिप (साधी मांसल वाढ), म्हाताऱ्यात लिम्फोमा (एक कर्करोग), शिवाय क्रिप्टोकॉकस बुरशी. त्यासाठी सीटी स्कॅन, दुर्बीण, तुकडा तपासणी. नुसत्या स्वॅबवर भिस्त नको, निरोगी नाकातही जिवाणू असतातच.

उपाय साधे: सलाईनचं नेब्युलायझर, नाक पुसणं आणि कोमट, वासाचं खाणं. मांजर वासावर जेवतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. हर्पिसवर म्हणून खपवली जाणारी लायसिनची पावडर निव्वळ जाहिरात. पॅरासिटामॉल तर विषच.

काकूंनी धुरी थांबवली. नागिणीचं आणि बोक्याचं नातं मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.