देवनारचा डोंगर आतून का पेटतो?

जानेवारी 2016 च्या अखेरीस मुंबईतल्या देवनार डंपिंग ग्राउंडला आग लागली आणि तिचा धूर नासाच्या उपग्रहालाही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग कुणी लावली, याची चर्चा मात्र लगेच सुरू झाली. संशय भंगारवाल्यांवर आणि कचरावेचकांवर, कारण वायर जाळून तांबं काढलं जातं. असेलही तसं. पण काडी कुणीही ओढो, सव्वातीनशे एकरांच्या आसपासच्या त्या जागेत दारूगोळा 1927 पासून साठतोय.

हा दारूगोळा आपल्याच स्वयंपाकघरातून जातो. भाजीची देठं, उरलेला भात, आंब्याच्या कोयी. थरावर थर पडले की खाली हवा पोचत नाही. असलेला ऑक्सिजन जीवाणू संपवतात आणि मग हवेशिवाय जगणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. त्यांनी सोडलेल्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. गोबरगॅसच्या टाकीत नेमकं हेच घडतं, फक्त टाकीला झाकण आणि नळी असते. डोंगराला दोन्ही नाही. हवेत साधारण 5 ते 15 टक्के मिथेन मिसळला की ठिणगी पुरते.

अशी आग पाण्याने सहज विझत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरून पाणी घरंगळतं आणि आत निखारा धुमसत राहतो. म्हणून वर माती, डेब्रिज टाकून तिचा श्वास कोंडावा लागतो.

धुमसणं भडकण्याहून वाईट. कचरा जाळायच्या भट्ट्या 850 अंशांच्या वर तापवतात, कारण कमी तापमानाला जळणं अर्धवट राहतं. कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोल उतरणारे सूक्ष्म कण तर निघतातच, शिवाय पीव्हीसीच्या वायरी-पाइपांतल्या क्लोरीनमुळे डायऑक्सिनसारखी विषंही तयार होतात. त्यात महिना जानेवारीचा. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची थंड, जड हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी पसरते. धूर वर जातच नाही.

तो जातो पायथ्याच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांत. 'दारं-खिडक्या बंद ठेवा' हा सल्ला पत्र्याच्या खोलीला देणाऱ्याने त्या खोलीत एक दुपार काढून पाहावी! एका दाराच्या, माणसांनी भरलेल्या खोलीत क्षयाचे जंतू आधीच सहज पसरतात. जंतू गिळणाऱ्या फुप्फुसातल्या पेशी धुराने दुबळ्या होतात, ते वेगळंच.

पावसाळ्यात आगीची भीती कमी होते, पण कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी ठाणे खाडीकडे वाहतं.

गंमत अशी, की ज्याच्यावर आपण बोट ठेवतो तो कचरावेचक डोंगरातून पन्नी, पुठ्ठा, बाटल्या उचलतो, म्हणजे जळणच कमी करतो. मिथेन मात्र त्याच्या हातात नाही. उद्या तिथे एकही डंपर आला नाही, तरी पुरलेला ओला कचरा पुढची काही दशकं वायू सोडत राहील.