आतड्याचा ताठरपणा आणि स्नायुपेशींची अतिवृद्धी

क्रोन आजारात, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाच्या आजारात, आतड्याची भिंत कडक होते आणि त्या कडकपणामुळेही भिंतीतील अनैच्छिक स्नायूंच्या पेशी आकाराने वाढतात, म्हणजे त्यांची अतिवृद्धी होते. या आजाराचे वर्णन बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये केले. लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यात जास्त सापडतो.

आतडे अरुंद होते ते केवळ व्रणाच्या तंतूंमुळे, असे बरीच वर्षे मानले जाई. कापून काढलेल्या तुकड्यात मात्र जाडीचा मोठा वाटा स्नायूंच्या थराचा असतो, आणि याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

दीर्घकाळच्या दाहात कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचते. लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याचे धागे एकमेकांना बांधते, त्यामुळे भिंत ताठरते. इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी स्नायुपेशी या धाग्यांच्या जाळ्याला धरून असते. जाळे मऊ असले तर ओढताच ते सैल येते. कडक असले तर पेशीला जोर लावावा लागतो. हा ताण पेशीच्या सांगाड्यातून केंद्रकापर्यंत पोहोचतो, याप व टाझ ही प्रथिने केंद्रकात शिरतात आणि वाढीची जनुके चालू होतात. मोठी झालेली पेशी स्वतःही कोलॅजेन सोडते. मग भिंत आणखी कडक होते. दाह शमवणारी औषधे हे चक्र फारसे मोडू शकत नाहीत, ते यामुळेही. प्रयोगशाळेतील प्लास्टिकची बशी आतड्याहून लाखो पटींनी कडक असते, म्हणून हा परिणाम तपासायला पेशी मऊ जेलवर वाढवाव्या लागतात.

आतड्याचा क्षयही बहुधा लहान आतड्याचा हाच शेवटचा भाग अरुंद करतो. त्यामुळे इंदूरमध्ये, किंबहुना देशभरात, निदान करताना आधी क्षयाची शंका फेडून घ्यावी लागते. ती पायरी गाळणे रुग्णाला महागात पडते: दाहविरोधी औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि क्षय फोफावतो.

साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतचा अरुंद भाग दुर्बिणीतून फुगा घालून रुंदावता येतो. लांब असेल तर शस्त्रक्रिया करतात. आतडे वाचवायचे असल्यास तो भाग कापून न काढता उभा चिरून आडवा शिवतात. तोवर मक्याचे दाणे, भाज्यांच्या शिरा, फळांच्या साली वर्ज्य, कारण त्या न पचता अडकतात. पावसाळ्यात सराफा या खाऊबाजारातला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस समोर असताना इंदूरकराला हे पथ्य फार जड जाते. घरचा मऊ वरणभात बहुधा चालतो.