फ्लाय फिशिंग व फ्लाय बांधणी (इंदूर परिसर)

पिसे, लोकर, केस, जरतार अशा हलक्या वस्तू दोऱ्याने गळावर बांधून कीटकाची किंवा लहान माशाची प्रतिकृती करतात व तिच्या साहाय्याने मासा धरतात, त्या मत्स्यपारधीला फ्लाय फिशिंग आणि प्रतिकृती तयार करण्याच्या हस्तकौशल्याला फ्लाय बांधणी म्हणतात. दोन्ही कामे एकट्याला करता येत असली, तरी हा छंद बहुधा दोघातिघांच्या संगतीनेच टिकतो. कारण बांधणीतल्या खुबी शेजारी बसून पाहिल्याशिवाय उमगत नाहीत आणि पाण्यावरचा अनुभव बांधणाऱ्यापर्यंत पोचला नाही, तर फ्लाय नुसती शोभेची वस्तू होऊन बसते. नर्मदा गाठायला घाट उतरावा लागणाऱ्या इंदूरसारख्या शहरात या छंदाचा मोठा भाग साहजिकच घरच्या टेबलापाशी पार पडतो.

नेहमीच्या गळाच्या मासेमारीत आमिषाचे किंवा शिशाचे वजन बारीक तंगूस ओढून नेते. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे लेप दिलेली जाड दोरीच वजनदार केलेली असते व काठीच्या लवचीकपणाने ती फेकली जाते. काठी मागे नेऊन थबकवली की दोरी मागे उलगडते. ती पुरती ताणली जाताच काठी पुढे आणून पुन्हा थबकवतात, आणि दोरीचा वळसा पुढे सरकत जाऊन फ्लाय पाण्यावर अलगद उतरते. नवशिके बहुधा जोर लावतात आणि मागची दोरी उलगडण्याआधीच काठी पुढे ओढतात. तसे झाले की फटकारा ऐकू येतो व फ्लाय तुटून जाते. दोरीच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून तिचा क्रमांक ठरतो. ५ क्रमांकाच्या दोरीचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, तर ८ क्रमांकाच्या दोरीचा २१० ग्रेन भरतो आणि काठी त्याच क्रमांकाची घ्यावी लागते. ९ फूट लांबीची कार्बन तंतूंची काठी आज सर्वत्र रूढ आहे. दोरी व फ्लाय यांच्यामध्ये टोकाकडे निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा असतो.

मॅसिडोनियातील लोक गळावर तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे धरीत, असे इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या मत्स्यपारधीवरील एका पुस्तिकेत १२ फ्लायांची कृती आढळते. भारतात हा प्रकार ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आला. त्यांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या प्रवाहांत ट्राउट मासा रुजवला, आणि मैदानी नद्यांत मोर्चा महसीर या माशाकडे वळवला.

बांधणीची साधने मोजकी आहेत : गळ पकडून ठेवणारा लहान वाइस, दोऱ्याची बॉबिन, टोकदार कात्री आणि शेवटची गाठ मारण्याचा आकडा. बांधणीची सुरुवात नेढ्याच्या मागे थोडी जागा सोडून गळाच्या दांडीवर दोऱ्याचा एकसारखा थर देण्यापासून होते; हा थर नसेल, तर पुढे चढवलेले सर्व काही दांडीभोवती फिरत राहते. त्यानंतर शेपटी, अंगावर गुंडाळायचे साहित्य व तार एकामागून एक गळाच्या बाकापाशी (वळणापाशी) बांधून घेतात, आणि मग अंग, त्यावर पिसाचे वेढे व सर्वांत शेवटी उलट दिशेने तारेचे वेढे देत नेढ्याकडे येतात. तारेचे वेढे उलटे दिल्याने माशाच्या घर्षणाने पीस एका ठिकाणी तुटले, तरी सगळे उसवत नाही. नेढ्यापाशी गर्दी करणे हा शिकाऊ हाताचा हमखास दोष होय. डोके बांधायला जागा उरत नाही, आणि नेढे दोऱ्याने व लाखेने बुजून गेले, की नदीकाठी तंगूस ओवताना त्याची शिक्षा मिळते. पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक व दांडी यांमधील अंतराच्या, साधारण दीडपट असावी, हे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचे प्रमाण मानले जाते.

साहित्याच्या बाबतीत माळवा-निमाडचा प्रदेश अनपेक्षितपणे संपन्न आहे. झाबुआच्या कडकनाथ कोंबड्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या काळ्या मांसासाठी. परंतु बांधणाऱ्याचे लक्ष त्याच्या मानेवरच्या हिरवट झाक असलेल्या काळ्या पिसांकडे जाते. तरंगत्या फ्लायसाठी अमेरिकेत मुद्दाम पैदास केलेल्या कोंबड्यांची लांब, ताठ पिसे लागतात. गावठी कोंबड्याचे पीस त्यामानाने आखूड व मऊ असल्याने बुडत्या फ्लायला ते अधिक शोभते. महेश्वरी साड्यांच्या विणकामातून उरलेली जर अंगावर चकाकी आणण्यास उत्तम ठरते, मात्र खरी चांदी-तांब्याची जर ओलाव्याने काळवंडते आणि प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा दिलेली स्वस्त जर तशीच राहते, हा उलटा न्याय येथे लागू पडतो. लोकर, रेशीम व भरतकामाचा दोरा राजवाड्याभोवतीच्या बाजारात मिळतो. मोरपिसाचे तंतू किड्याच्या अंगाचा भास हुबेहूब देतात, पण ते ठिसूळ असल्यामुळे दोऱ्याबरोबर पीळ देऊनच गुंडाळावे लागतात. मोराने आपोआप गाळलेले पीस वापरण्यास देशात मुभा आहे. शिकार केलेल्या पक्ष्याचे पीस बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होय. सॅमन माशासाठीच्या व्हिक्टोरियन फ्लायांत राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणासारखा ठिपका असलेले भारतीय पीस मानाचे समजले जाई. या हौसेला विकृत वळणही लागू शकते : २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, ती फ्लाय बांधणीतल्या दुर्मीळ पिसांच्या लोभापायी.

विणकाम-भरतकाम येणाऱ्या माणसाला ही कला लवकर साधते, मग त्याने कधी गळ टाकला असो वा नसो. अमेरिकेतील मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी १९२४ मध्ये बांधलेली फ्लाय पुढे जगभर गेली. त्यांचा मूळ व्यवसाय बायकांच्या टोप्या तयार करण्याचा होता. घरात एकाने बांधावे व दुसऱ्याने पाण्यावर पारखावे, अशी वाटणी म्हणूनच सोयीची पडते. मंडळ असेल, तर प्रत्येकाने एकच नमुना सदस्यसंख्येइतका बांधून आणावा व सर्वांनी आपसात वाटून घ्यावा, ही अदलाबदलीची पद्धत जगभर रूढ आहे. तिच्यात लबाडी चालत नाही, कारण सैल बांधलेली फ्लाय मित्राच्या हातात उसवते.

इंदूर शहर जलविभाजकाजवळ वसलेले आहे. येथील खान नदी क्षिप्रेमार्गे चंबळेला मिळते, तर महूच्या दक्षिणेकडचे चोरलसारखे प्रवाह विंध्याचा कडा उतरून नर्मदेला जातात. गंभीर नदीवरील यशवंतसागर व शहरालगतचे सिरपूर तलाव २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाले. तेथे पक्ष्यांचा हक्क आधी, हे हौशी माणसाने गृहीत धरावे. संथ पाण्यात मरळ हा फ्लायला चांगला प्रतिसाद देणारा मासा आहे. तो पृष्ठभागावरच्या बेडकावर झडप घालतो, म्हणून केसांचा तरंगता बेडूक बांधून त्याच्या गळापुढे नायलॉनची कमान देतात, म्हणजे तो शेवाळात अडकत नाही. तिलापिया माशासाठी याउलट अगदी लहान, सावकाश बुडणारी फ्लाय लागते.

नर्मदेचा महसीर स्थानिक बोलीत बाडस म्हणून ओळखला जातो व २०११ पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. शिंपले, कीटक, लहान मासे व काठच्या झाडांची पडलेली फळेही तो खातो, त्यामुळे एका ठरावीक किड्याची नक्कल करण्याची युरोपीय रीत येथे फारशी उपयोगी पडत नाही. लहान माशासारखी दिसणारी, जरीची रेघ असलेली फ्लाय वाहत्या पाण्यात तिरपी सोडणे अधिक फलदायी ठरते. नर्मदेवरील धरणांनी या माशाचा वाहता अधिवास फार आकुंचित केला आहे, म्हणून गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकणे, हात ओले करूनच माशाला स्पर्श करणे आणि त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून देणे, एवढे पथ्य सक्तीचेच मानले पाहिजे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननकाळ मासेमारीसाठी बंद असतो आणि त्यानंतरही काही आठवडे नर्मदेचे पाणी गढूळ राहते. बांधणीचा हंगाम तो हाच. पाणी निवळल्यावर, हिवाळ्याच्या महिन्यांत, बडवाह ते महेश्वर या पट्ट्यात फ्लाय दिसण्याजोगी स्वच्छता येते. स्नानाचे व देवस्थानांचे घाट वर्ज्य समजावेत आणि परवान्याची चौकशी मत्स्य विभागाकडे आधीच करावी. नर्मदेवरील इंदिरा सागर व ओंकारेश्वर या धरणांच्या वीजगृहांतून पाणी सुटले, की खालच्या अंगाला पातळी झपाट्याने चढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजी येथे असेच सोडलेले पाणी येऊन अनेक यात्रेकरू वाहून गेले होते. त्यामुळे प्रवाहात उतरून फेक करताना काठाकडची वाट मोकळी ठेवावी, आणि काठच्या खडकावरची ओली रेघ वर सरकू लागल्याचे दिसताच दोरी गुंडाळण्यातही वेळ न घालवता बाहेर यावे.