ऑटोमॅटिक स्विफ्ट पेट्रोल पिते?

"ऑटोमॅटिक घेतलीस म्हणजे मायलेज गेलं," हे वाक्य स्विफ्ट घेणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ऐकवतंच. जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांबाबत ते खरं होतं. तिथे इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जायची आणि त्यात थोडी वाया जायची.

भारतातल्या स्विफ्टमध्ये तो प्रकार नाही. २०२४च्या स्विफ्टला दोनच पर्याय मिळाले: ५ गिअरचा मॅन्युअल आणि ५ गिअरचा एएमटी, ज्याला मारुती एजीएस म्हणते. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तसाच क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या हातापायांऐवजी यंत्रणा करते. मग पेट्रोल जास्त लागेल कशाला? कंपनीचे आकडेच बघा: मॅन्युअल लिटरला २४.८० किमी, एएमटी २५.७५. रस्त्यावर दोन्ही कमी भरतील, पण ऑटोमॅटिक पेट्रोल पिते हा आरोप टिकत नाही.

खरी उणीव वेगळी आहे, आणि ती कोणी सांगत नाही. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडी क्षणभर अडखळते, मान किंचित पुढे जाते. त्या वेळी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की धक्का बराच कमी होतो. चढावर मात्र ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेक दाबा. आणि यात 'पी', म्हणजे उभी गाडी जागेवर अडकवून ठेवणारा पार्किंगचा पर्याय, नसतो, म्हणून गाडी लावताना हँडब्रेक ओढायला विसरू नका.