दूरचित्रवाणीवरील चित्रपट-प्रसिद्धी (नागपूरच्या संदर्भात)

येऊ घातलेल्या चित्रपटाकडे प्रेक्षक वळावा म्हणून निर्मिती संस्था, वितरक आणि वाहिन्या छोट्या पडद्याचा जो वापर करतात, तो या नोंदीचा विषय. प्रोमो, ट्रेलर, गाणी, मुलाखती आणि मालिकांत किंवा विनोदी कार्यक्रमांत कलाकारांची हजेरी हे त्याचे नेहमीचे प्रकार. नागपुरात या प्रसिद्धीला जरा जास्तच वजन आहे. मराठी चित्रपटाचा बहुतेक कारभार मुंबई-पुण्यातून चालतो, मुंबई नागपूरहून रेल्वेने ८०० किलोमीटरहून लांब, आणि शहरावर हिंदी सिनेमाचा पगडा जुना. कलाकार गावात येवोत न येवोत, टीव्ही रोज घरात असतो.

टीव्ही येण्याआधी प्रसिद्धीची जागा म्हणजे रस्ता. भिंतींवरची पोस्टरे, थिएटरवरचे रंगवलेले फलक, भोंगा लावून फिरणारा रिक्षा. सिनेमागृहे गावाच्या इतकी अंगवळणी पडली होती, की व्हरायटी चौक, पंचशील चौक ही चौकांची नावेही त्यांच्यावरूनच पडली. सिनेमाच्या धंद्यात नागपूर आजही ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, मोडते. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत कधीच इतिहासजमा झाला, वितरकांच्या वहीत मात्र तो शाबूत आहे.

ही पद्धत मूळची अमेरिकेची. हॉलिवूडने आरंभी टीव्हीला वैरी मानले. वॉल्ट डिस्ने यांनी मात्र ऑक्टोबर १९५४ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘डिस्नेलँड’ ही मालिका सुरू केली आणि त्याच डिसेंबरात तिचा एक अख्खा भाग आपल्या आगामी समुद्रपटाच्या चित्रीकरणाला दिला. ही उघड जाहिरात; पण तिला टीव्ही कार्यक्रमांसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला! पुढे १९७५ मध्ये युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने आपल्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी प्रदर्शनाआधीच्या सलग तीन रात्री राष्ट्रीय वाहिन्यांवर जाहिरातींचा मारा केला. त्यासाठी सुमारे ७ लाख डॉलर मोजले आणि चित्रपट एकदम ४०० हून अधिक चित्रपटगृहांत लावला. दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या होत्या: देशभर जाहिरात करायची, तर चित्रपटही देशभर लागलेला हवा.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ यांत नव्या चित्रपटाचे गाणे लागले, की निर्मात्याचे निम्मे काम होई. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी), आणि प्रसिद्धीचा धंदा पद्धतशीर झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात तर नव्या चित्रपटाची चमू पाहुणी म्हणून येणे हा शिरस्ताच पडला. त्यातली भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली विदर्भातल्या घरांत आपली वाटली. चित्रपट पुण्याचा असला तरी त्याची ओळख करून देणारा आवाज आपल्या मुलखाचा, हे नागपूरकरांना तोवर फारसे अनुभवाला आलेले नव्हते.

जाहिरातीचा भाव दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरतो आणि वाहिनीला तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. म्हणून रोख पैशांपेक्षा देवाणघेवाण सोयीची पडते. वाहिनी चित्रपटाचे सॅटेलाइट हक्क (टीव्हीवर दाखवण्याचे हक्क) घेते आणि प्रदर्शनापूर्वी त्याची हवा करते. निर्मिती संस्था आणि वाहिनी एकाच घरची असेल, तर मालिकेतल्या लग्नात चित्रपटाचा नायक अचानक पाहुणा म्हणून उगवतो. त्या लग्नाला कथेत काही कारण असतेच असे नाही.

नागपुरात ही साखळी शेवटच्या कडीत अडखळते. प्रोमो साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच असतो. त्यात ‘जवळच्या चित्रपटगृहात’ एवढेच म्हटलेले असते. इथे मात्र मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये अनेकदा मोजकेच खेळ मिळतात, तेही आडवेळी. दुपारी साडेबाराच्या खेळाला नोकरदार माणूस जाणार कसा? ही उणीव स्थानिक केबलवरची सरकती पट्टी आणि वर्तमानपत्रातली खेळांच्या वेळांची चौकट थोडीफार भरून काढतात. अलीकडे तिकिटांची अ‍ॅपही. तेवढ्यात चित्रपट उतरतो. काही महिन्यांनी त्याच वाहिनीवर ‘वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर’चे प्रोमो सुरू होतात, आणि ज्यांना खेळ गाठता आला नव्हता ते रविवारी दुपारी जेवणे उरकून टीव्हीसमोर बसतात.